पडद्याचा रॉड, लिंटेल आणि माझं मनगट

नवं इम्पॅक्ट ड्रिल आणलंय, पडद्यांचे रॉड आणि बाथरूममधला आरसा स्वतः लावायचाय, पण बिट, म्हणजे भोक पाडणारं फिरतं टोक, हाताला लागेल अशी धास्ती वाटते, असं तुम्ही म्हणताय. बिटाला जपायला हवंच. पण मला लागलं ते बिट फिरायचं थांबल्यामुळे.

सात-आठ वर्षं झाली. खिडकीवर रॉडचं ब्रॅकेट लावत होतो. प्लास्टिकच्या स्टुलावर उभा, एका हातात ड्रिल, दुसऱ्या हाताने खिडकीचं ग्रिल धरलेलं. साइड हँडल खोक्यातच. वर ट्रिगरशेजारचं लॉकचं बटण दाबून ठेवलेलं, बोट अवघडायला नको म्हणून! खिडकीच्या वर लिंटेल असते, म्हणजे आरसीसीची, सळया घातलेल्या काँक्रीटची आडवी पट्टी. बिट आतल्या सळईत अडकलं. बिट थांबलं तरी मोटर थोडीच थांबते? अख्खं ड्रिलच गरकन फिरलं, मनगट पिरगाळलं, आणि लॉकमुळे ते चालूच राहिलं. मी स्टुलावरून उतरलो की पडलो, यावर घरात अजून वाद आहे.

तेव्हा साइड हँडल लावल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका. दोन्ही हात ड्रिलवर, पाय घट्ट शिडीवर, आणि ते लॉकचं बटण आहे हेच विसरा. सळई लागली की आवाज बदलतो आणि बिट पुढे सरकेनासं होतं. तिथे जोर लावू नका, इंचभर बाजूला नवं भोक घ्या.

भुकटीकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला प्लास्टर जातं, ते करडंच असतं. मग लाल भुकटी आली तर वीट. करडीच राहिली आणि बिट रेटावं लागलं तर काँक्रीट. पांढरट, पिठासारखी असेल तर सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक. तिथे हॅमर मोड, म्हणजे फिरता फिरता ठोके देणं, बंद करा, नाहीतर भोक मोठं होऊन स्क्रूसाठी भिंतीत बसवायचा प्लास्टिकचा प्लग सैल बसतो. ही भुकटी नाकात जाऊ देऊ नका. मास्क लावा आणि गॉगलही. डोक्याच्या वर ड्रिल करताना खडे थेट डोळ्यात येतात.

भिंतीत वायर कुठे असेल? स्विचबोर्डाच्या सरळ वर-खालचा पट्टा टाळाच, गीझरच्या पॉइंटचाही. आडवी वायरही कधी कधी निघते, म्हणून मी त्या खोलीचे एमसीबी बंद करतो, दिवे-पंखे आणि सगळे प्लग बंद झालेत ना ते बघतो, आणि एक्स्टेंशन दुसऱ्या खोलीतून आणतो. ड्रिलची बॉडी प्लास्टिकची असली तरी बिट पकडणारा चक लोखंडी असतो, हे लक्षात ठेवा.

बाथरूमला पाण्याच्या पाइपचं तेच: नळ आणि शॉवर यांच्या सरळ रेषेत भोक नको. टाइलवर आधी मास्किंग टेप चिकटवा, हॅमर बंद, वेग कमी, टाइलचंच बिट. टाइल पार झाल्यावर बिट बदलून हॅमर चालू केला तर चालतो. मी तिथेही घाई करत नाही. एकदा तडा गेला की तीच टाइल दुकानात पुन्हा मिळत नाही.

बिट बदलताना ड्रिलच्या वायरचा प्लग सॉकेटमधून आधी काढा. चकची चावी चकमध्येच विसरून ट्रिगर दाबला तर ती गोळीसारखी सुटते. हातमोजे घालू नका, फिरत्या बिटात कापड अडकलं तर हातासकट ओढलं जातं. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस यांचंही तेच.

आणि भोक झाल्या झाल्या बिटाला बोट लावू नका, चांगलंच तापलेलं असतं. मला हे दर वेळी आठवतं, चटका बसल्यावर.