मुलगा गुबगुबीत, मुलगी सडपातळ, तपासायचं कुणाला?

“मॅडम, ह्यांना ३९व्या वर्षी अ‍ॅटॅक आला. आता पोराचंही तसंच होणार का? त्याची अँजिओग्राफी करून टाकू का?” सिडकोतल्या एका ताईंनी बसल्या बसल्या हेच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ज्या घरात तरुणपणी स्टेन्ट पडतो, तिथून हा प्रश्न हमखास येतो.

मुलगा १२ वर्षांचा, अंगाने भरलेला, मान काळपट. आईने त्याचा चिवडा बंद केला होता, पापड बंद, रविवारची मिसळही बंद. बाकीचे मात्र त्याच्यासमोरच खात होते. तो म्हणाला, “आजारी पप्पा पडले आणि पथ्य मला एकट्याला.” मला त्याचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

ताईंना आधी अँजिओग्राफीच्या विचारातून बाहेर काढलं. अमेरिकेत लुइझियानातल्या बोगालुसा गावी १९७०च्या दशकात मुलांच्या हृदयाचा मोठा अभ्यास सुरू झाला. अपघातात वगैरे दगावलेल्या मुलांच्या आणि तरुणांच्या रक्तवाहिन्या तपासल्या, तर आतल्या अस्तरावर चरबीच्या रेषा लहानपणीच दिसल्या. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांतल्या जितक्या गोष्टी एकत्र, तितक्या रेषा जास्त. पण रेषा म्हणजे ब्लॉकेज नव्हे. या टप्प्यावर माघार घेता येते, म्हणून तर लहानपणी लक्ष घालायचं.

मुलाच्या बीपीचं वेगळंच झालं होतं. एका दवाखान्यात ते जास्त आलं आणि घर हादरलं. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटाच चढतो. शिवाय १३ वर्षांच्या आतल्या मुलांचं बीपी वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून तक्त्यावरून ठरवतात, तेही वेगवेगळ्या दिवशी मोजून. बालरोगतज्ज्ञांनी योग्य पट्ट्याने तीनदा मोजलं, नॉर्मल निघालं.

मग मी विचारलं, घरात आणखी मुलं? “धाकटी आहे ९ वर्षांची. ती तर काडी आहे, तिची काय काळजी!”

वडील किंवा भाऊ ५५च्या आत, आई किंवा बहीण ६५च्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर घरातल्या प्रत्येक मुलाचं लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, व्हायला हवं, मग मूल बारीक असो की जाड. दोघांचं केलं. मुलाचं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १०४, म्हणजे ठीक; ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली दुसरी चरबी) तेवढे वाढलेले. मुलीचं एलडीएल २१२! पुन्हा केलं, तरी तेवढंच.

ताई रडकुंडीला आल्या. “तिला तर तूपसुद्धा आवडत नाही हो!” यात तुपाचा दोष नाही, हे समजावायलाच सगळा वेळ गेला, आणि तो जाऊ द्यावाच लागतो. वाढलेल्या कोलेस्टेरॉलच्या आनुवंशिक प्रकारात यकृत रक्तातलं एलडीएल नीट उचलूनच घेत नाही. साधारण २५० माणसांत एकाला हे असतं आणि आई किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी. वजन वाढत नाही, काही दुखत नाही; रक्तवाहिन्या मात्र जन्मापासून जास्त कोलेस्टेरॉलमध्ये बुडालेल्या. अशा मुलांना ८ ते १० वर्षांपासून तज्ज्ञ औषध सुरू करण्याचा विचार करतात. मुलीला त्यांच्याकडे पाठवलं, औषध सुरू झालं.

मुलाचं एकट्याचं पथ्य मी थांबवलं. पापड-लोणचं, फरसाण, कोल्ड्रिंक सगळ्यांचंच कमी झालं. मिसळ महिन्यातून एकदा, चौघांनी मिळून, तर्री बेताची. वडिलांना चालायला सांगितलंच होतं. आता बापलेक संध्याकाळी गोल्फ क्लब मैदानावर जातात. मुलांना रोज तासभर दमवणारा खेळ हवा, म्हणून वडील चालतात तोवर तो मित्रांबरोबर फुटबॉल खेळतो. मुलांचे काका गॅलरीत सिगारेट ओढायचे, तीही घराबाहेर गेली. तो धूर मुलांच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवतो.

काकांच्या दोन मुलांची तपासणी अजून बाकी आहे. “पोरं बारीक आहेत,” असं ते म्हणतात. पुढच्या भेटीला त्यांनाही बोलावलंय.