स्पेन एवढासा देश, मग स्पॅनिश वीस देशांत कशी गेली? आणि आता शिकून उपयोग आहे का?

बरीच वर्षं पुण्यात स्पॅनिश शिकवतोय, त्यामुळे माझं झुकतं माप गृहीत धरूनच वाचा.

'तलवारीच्या जोरावर पसरली' हे उत्तर अर्धंच खरं आहे. 1492 च्या ऑगस्टमध्ये कोलंबसची जहाजं निघाली आणि त्याच महिन्यात स्पेनमधल्या सालामांका शहरात नेब्रिहा या भाषापंडिताचं कास्तेलियन (म्हणजे स्पॅनिशच) व्याकरण छापून झालं. भाषा ही साम्राज्याची सोबतीण, असं त्याने प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. पण अमेरिकेत पोचलेल्या पाद्र्यांनी उलटंच केलं. लोकांना स्पॅनिश शिकवत बसण्यापेक्षा ते स्वतःच नाहुआत्ल, केचुआ या तिथल्या भाषा शिकले. 1570 मध्ये तर स्पेनचा राजा दुसऱ्या फिलिपने मेक्सिकोकडच्या मूळ रहिवाशांसाठी नाहुआत्ललाच अधिकृत दर्जा दिला. दोनशे वर्षांनी, 1770 मध्ये, तिसऱ्या कार्लोसने 'आता फक्त कास्तेलियन' असा हुकूम काढला खरा, तरी 1821 मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला तेव्हा तिथले निम्म्याहून जास्त लोक आपापल्या जुन्या भाषाच बोलत होते. शाळा, कोर्ट, पलटण सगळं स्पॅनिशमधून चालवलं ते नव्या प्रजासत्ताकांनी. म्हणजे राज्यकर्ते गेले आणि भाषा रुजली! फिलिपिन्समध्ये तीनशेहून जास्त वर्षं स्पेनचं राज्य होतं, पण 1898 नंतर शाळा अमेरिकनांच्या हातात गेल्या आणि तिथे इंग्रजी आली.

पहिल्या तासाला मी फळ्यावर 'आसूकार' लिहितो. अर्थ साखर. आपली शर्करा फारसीतून अरबीत गेली आणि अरबांबरोबर स्पेनला पोचली. 'नारांखा' म्हणजे संत्रं, मूळ आपलं नारंग. बुद्धिबळाला ते 'आखेद्रेस' म्हणतात, तो आपला चतुरंग. एवढ्यावर निम्म्या वर्गाची भीती जाते.

उपयोगाचं म्हणाल तर जवळपास 50 कोटी लोकांची ही मातृभाषा आहे. त्यात स्पेनचा वाटा दहातला एकसुद्धा नाही, एकटा मेक्सिको त्याच्या दुपटीहून मोठा. म्हणून कामासाठी शिकणार असाल तर लॅटिन अमेरिकेतले उच्चार आधी कानावर पडू द्या. मेक्सिकन माणूस 'आहोरिता' म्हणाला की कोशात अर्थ 'आत्ता लगेच' असा सापडेल. तो आपल्या 'हा काय, निघालोच' इतकाच खरा असतो. मी एकदा त्या शब्दावर विसंबून एका फाइलसाठी रात्री दोनपर्यंत जागलो होतो. फाइल आली गुरुवारी.