हँडल वळवलं की बंद: वायरिंग किट घेण्याआधी इंजिनाचं अर्थिंग बघा

तुमच्या बंद पडणाऱ्या गाडीचं वर्णन वाचलं आणि अशाच बिघाडामागे गेलेले माझे आठ महिने डोळ्यांपुढे आले. नव्याने उभी केलेली ६ व्होल्टची बुलेट ३५०, लाइट-हॉर्न उत्तम, थंड असताना दोन किकमध्ये चालू, आणि हँडल उजवीकडे घेतलं की बंद. ठिणगी तयार करणारी कॉइल, तिचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट आणि पॉइंटवरची ठिणगी दाबणारा कंडेन्सर, सगळं नवं टाकून झालं, आता मिस्त्री म्हणतात पूर्ण वायरिंग किट बदलू. थांबा. किटचे पैसे अजून देऊ नका. आधी इंजिनाचं अर्थिंग, म्हणजे करंटची इंजिनातून बॅटरीकडे परत जायची वाट, बघा.

पॉइंटचा गॅप, प्लग, टायमिंग तुम्ही बघितलं असणारच, त्यात शिरत नाही.

माझी गाडी १९७४ची, वडिलांची. ती खोलली तेव्हा गिअरबॉक्सच्या मागच्या बोल्टपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक जाड काळी वायर होती. चिकटपट्टी गुंडाळलेली, चेसिसला दोऱ्याने बांधलेली. मला वाटलं, कुठल्या तरी गॅरेजवाल्याचा जुगाड. बाकीच्या जुन्या वायरिंगबरोबर तीही भंगारात दिली. फोटो नाही, कागदावर रेघही नाही. मग चेसिस आणि इंजिन धरणाऱ्या पट्ट्या पावडर कोटिंगला (पावडर भाजून चढवलेला रंग, त्यातून वीज जात नाही) दिल्या. नटबोल्टच्या जागा झाकायला हव्यात हे मी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. पुण्याच्या नाना पेठेतून आणलेल्या तयार किटमध्ये ती काळी वायर नव्हती.

आता बघा काय झालं. करंट बॅटरीतून निघतो, अ‍ॅमीटर, स्विच आणि कॉइल करत पॉइंटला येतो, आणि पॉइंटमधून इंजिनाच्या अंगात उतरतो. तिथून त्याला चेसिसला जोडलेल्या बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायचं असतं. काळी वायर तर गेलेली. इंजिन आणि चेसिसच्या मध्ये कोटिंगचा जाड थर. मग तो मिळेल त्या वाटेने जातो: स्टडच्या आट्यांतून, क्लच केबलच्या आवरणातून, डिकॉम्प्रेसरच्या (किक मारताना इंजिनातला दाब सोडणाऱ्या खटक्याच्या) केबलमधून हँडलवर, आणि हँडलच्या बेअरिंगमधून चेसिसमध्ये. म्हणून हँडल वळवलं की वाट तुटते. लाइट आणि हॉर्नचं अर्थिंग थेट चेसिसला, त्यामुळे ते झकास चालतात आणि सगळे म्हणतात, "अर्थिंगला काही झालेलं नाही, हँडलखाली वायर तुटली असेल." मी तिथल्या सगळ्या वायरी दोनदा बदलल्या. तीन कंडेन्सर, दोन कॉइल. शेवटी पुण्याजवळच्या दिवे घाटात, चढावर, वळण घेतानाच गाडी बंद पडली. मागे मुलगी बसलेली आणि तिच्या मागे ट्रक. ट्रकवाल्याने वेळेत ब्रेक दाबला, एवढंच. म्हणून तुम्हाला इतकं लांबलचक लिहितोय.

तपासणी पाच मिनिटांची आहे. लाइट बंद ठेवून इग्निशन चालू करा आणि करंट दाखवणाऱ्या अ‍ॅमीटरचा काटा डिस्चार्जकडे (उणे बाजूला) झुकेपर्यंत किक हाताने हळूहळू फिरवा. काटा झुकला म्हणजे पॉइंट मिटलेले. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. एक टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, तारेवर नाही. दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर, रंगावर नाही. आकडा ०.१-०.२ व्होल्टच्या आत हवा. मग कुणाला तरी हँडल सावकाश फिरवायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. माझा सरळ हँडलला १.४ होता आणि उजवीकडे ३च्या वर जायचा. इग्निशन असं मिनिटभरापेक्षा जास्त चालू ठेवू नका, पॉइंट मिटलेले असताना कॉइल तापते.

मल्टिमीटरचा बीप (दोन टोकं जोडलेली आहेत का हे सांगणारा) वाजवून तपासू नका. मिस्त्रींनी माझ्यासमोर बीप वाजवून अर्थिंग ठीक आहे असं दाखवलं होतं. बीपसाठी मीटर अगदी नगण्य करंट सोडतो, आट्यांच्या एका टोकाचा स्पर्शसुद्धा त्याला पुरतो. समजा कॉइल दीड ओहमची आहे. परतीच्या वाटेत अर्धा ओहम वाढला, तर ४ अँपिअरचे ३ होतात आणि ठिणगीची ताकद जवळपास निम्म्यावर येते. १२ व्होल्टच्या गाडीत इतका अडथळा कदाचित निभावून जाईल, ६ व्होल्टला नाही.

त्याहून सोपं हवं असेल, तर जाड वायरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनाच्या बोल्टला तात्पुरतं घट्ट आवळा, गाडी चालू करा आणि स्टँडवरच हँडल फिरवून बघा. बंद पडली नाही, तर तीच वायर कायमची करा: दोन्ही टोकांना नीट दाबलेले थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी), बोल्टखालचा रंग धातू दिसेपर्यंत खरवडलेला, स्टार (दातेरी) वायसर, आणि वरून पेट्रोलियम जेली, म्हणजे पावसाळ्यात गंज धरत नाही.

मी इलेक्ट्रिशियन नाही, एका गाडीवरचा हा अनुभव आहे. तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थची असेल (जुन्या ब्रिटिश गाड्या बहुतेक तशाच), तर वर जिथे निगेटिव्ह म्हटलंय तिथे पॉझिटिव्ह धरा. कायमची वायर बसवताना बॅटरीच्या तारा सोडवून ठेवा आणि पेट्रोलचा नळ बंद ठेवा. सीडीआयच्या (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन असलेल्या) गाडीला यातलं बरंचसं लागू नाही.

माझं ठाम मत: चालवायच्या गाडीच्या चेसिसला पावडर कोटिंग करू नये, साधा भट्टीचा रंग बरा. हे सगळ्यांना पटणार नाही. करायचंच असेल तर इंजिन बसतं त्या जागा झाकून घ्या, आणि कोटिंगवाल्यांना ते चिठ्ठीवर लिहून द्या.

आणखी एक. काढलेला जुना कंडेन्सर फेकला नसेल तर जपून ठेवा. माझ्या तीन नव्यांपैकी एक पहिल्या दिवसापासूनच खराब होता, पॉइंटवर निळी ठिणगी उडायची. शेवटी जुनाच परत बसवला, आजही तोच चालतोय.

आकडा कळवा. हँडल फिरवूनही तो ०.२च्या आतच राहिला, तर माझा अंदाज चुकला. मग हेडलाइट काढून अ‍ॅमीटरच्या मागचे दोन नट बघा, ते ढिले असले तरी हँडल वळवताना हेच होतं.