वाऱ्यात उडून न जाणारं शौचालय

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. नॉर्वेतल्या रस्त्याकडेच्या शौचालयांचे फोटो पाहिल्यापासून ‘मला असंच काही बांधायचंय’ म्हणते. घरचे हसतात. यात खरंच करिअर आहे का? – एक आई

उत्तर : ताई, हसू देऊ नका. हे काम फार कठीण आहे, आणि त्याची गरज बायकांना तर पावलोपावली कळते.

नॉर्वेच्या सरकारी रस्ते विभागाने १८ निसर्गरम्य रस्ते निवडून तिथल्या थांब्यांचं काम आर्किटेक्टना दिलं. लोफोटेन बेटांवर आक्कारविकोडेनला आधीचं शौचालय समुद्री वाऱ्याने पायावरून उचललं गेलं होतं. म्हणून २००९ साली ‘मान्थे कुला’ या आर्किटेक्ट फर्मने नवं बांधलं ते जाड पोलादी पत्र्यांचं. वजनच इतकं, की वाऱ्याला दाद देणार नाही. गंजलेला तांबूस रंग मुद्दाम ठेवलेला. तुमच्या लेकीला फोटोत रूप दिसलं, त्यामागचा हा वारा तिला सांगा.

आपल्याकडे लडाखमध्ये थंडीत पाणी गोठतं, म्हणून घरोघरी कोरडं, दुमजली शौचालय असतं. वरून माती टाकायची, खाली शेताला खत तयार. आता सीमा रस्ते संघटनेच्या दुर्गम रस्त्यांवर ७५ ठिकाणी प्रवाशांसाठी सोयी उभारायला संरक्षण मंत्रालयाने २०२२ मध्ये मंजुरी दिली. म्हणजे काम आपल्याही देशात आहे.

अशा कामाची वेगळी पदवी नाही. ५ वर्षांचं बी.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरची पदवी करायची. त्यासाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवंच, ते सोडू देऊ नका. प्रवेशासाठी ‘नाटा’ ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर. पुढे ओढ टिकली तर दिल्लीच्या एसपीएमध्ये (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) किंवा अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात लँडस्केप आर्किटेक्चर, म्हणजे मोकळ्या जागांच्या आखणीचं पदव्युत्तर शिक्षण. स्पष्ट सांगते, सुरुवातीची वर्षं बंगले, शाळा, दुसऱ्यांची ड्रॉइंग्ज यांतच जातील. अशी कामं बहुधा सरकारी टेंडरमधून येतात, तेव्हा टेंडर वाचायला तिने लवकर शिकावं.

या सुट्टीत तिला घाटातल्या एखाद्या थांब्यावर न्या. टेप आणि वही द्या. पर्स अडकवायला खुंटी आहे का, कडी लागते का, उन्हाळ्यात पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, हे तिने मोजून काढावं. तिथे साफसफाई करणाऱ्या मावशींशी बोलायला मात्र विसरू नका. कोपऱ्यात झाडू पोचत नाही, हे त्याच सांगतील.