डबा घेऊन निघतोस, पण जातोस कुठे?

प्रिय ताई,
मी २९ वर्षांचा, कोपरखैरणेला राहतो. बीकॉम झालोय. द्रोणागिरीच्या एका सीएफएसमध्ये (बंदराबाहेर कंटेनर ठेवतात-सोडवतात त्या स्टेशनात) चार वर्षं डॉक्युमेंटेशनला होतो. काम कमी झालं म्हणून जूनमध्ये आम्हा काही जणांना काढलं. सात महिने झाले, घरी सांगितलेलं नाही. बाबा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी आहेत. आई रोज डबा देते, मी तो घेऊन वाशीच्याच मिनी सीशोरला जाऊन बसतो. साठवलेल्यातून महिन्याला बारा हजार आईच्या हातात ठेवतो, तेही आता संपत आलेत. या काळात नऊ ऑनलाइन सर्टिफिकेटं मिळवली. दोनशेच्या वर ठिकाणी सीव्ही पाठवला, दोन इंटरव्ह्यू झाले, पुढे काही नाही. नवी मुंबईच्या नव्या विमानतळावर लावतो म्हणून एकाला साडेसहा हजार दिले, तो फोन उचलत नाही. सीव्ही जोडला आहे. अजून काय शिकू?

ता. क. नोकरी जायच्या आधीच्या पावसाळ्यात एका पार्टीचे १४ कंटेनर डीओची (शिपिंग लाइनच्या डिलिव्हरी ऑर्डरची, म्हणजे माल सोडायच्या परवानगीची) मुदत संपल्यामुळे अडकले होते. मी रात्री थांबलो, सीएचए (कस्टम्सची कामं करणारा एजंट) आणि लाइनच्या ऑफिसच्या मागे लागून मुदत वाढवून घेतली, दोन दिवसांत सगळे बाहेर काढले. ते दिवस आठवले की रडू येतं.

बाळा,

तुझं पत्र वाचलं आणि मग सीव्ही उघडला. दोन्हीतला माणूस एकच आहे, हे पटायला मला वेळ लागला. पत्राच्या ताज्या कलमात तू जे लिहिलंस ते सीव्हीत कुठेच नाही. मी बावीस वर्षं रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात भरतीचं काम केलं. अडकलेला माल रात्री थांबून सोडवणारा माणूस हवा म्हणून आम्ही महिनोन् महिने वाट पाहिली आहे. तू तसा आहेस, पण ते कळायला ताजा कलम वाचावा लागतो.

तुझा सीव्ही चार पानांचा आहे. पहिल्या अर्ध्या पानावर 'आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावणे' असं उद्दिष्ट आहे. हे वाक्य मी इतक्या अर्जांवर वाचलंय की डोळा आपोआप खाली सरकतो. मग नऊ सर्टिफिकेटं: डिजिटल मार्केटिंग, पायथन, ग्राफिक डिझाइन. मग एक्सेलसमोर पाचपैकी चार तारे, इंग्रजीसमोर तीन. हे तारे कोणी दिले? आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी तुझी चार वर्षांची नोकरी एका ओळीत: 'हँडलिंग ऑल डॉक्युमेंटेशन वर्क.'

गठ्ठा समोर असला की एका अर्जाला अर्धं मिनिट मिळतं, तेही नशीब असेल तर. माझ्यासारखी बाई तिसऱ्या पानापर्यंत पोचलीच नसती. शिवाय पायथन आणि ग्राफिक डिझाइन शेजारीशेजारी पाहून तिला एवढंच कळलं असतं की या मुलाला काय हवंय ते त्यालाच ठरवता येत नाहीये.

आता असं कर. वही घे आणि मराठीतच लिही, इंग्रजी नंतर. सकाळी गेटवर पोचल्यापासून संध्याकाळपर्यंत तू काय करायचास? बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचा कस्टम्सचा कागद) आणि डीओ कंटेनर नंबराशी ताडून पाहायचास? गेटपास बनवायचास? फ्री डेज संपल्यावर ग्राउंड रेंटचा, म्हणजे जागाभाड्याचा, हिशेब करायचास? कस्टम्सच्या आईसगेट पोर्टलवर स्टेटस बघायचास? पार्टी संतापून फोन करायची तेव्हा कोण बोलायचं? दिवसाला साधारण किती कंटेनर? आकडा नीट आठवत असेल तरच घाल. फुगवलेला आकडा इंटरव्ह्यूत दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो.

त्या वहीतून तुझ्या नोकरीखाली पाच-सहा ओळी येतील. त्यातली एक मी तुला मांडून देते: 'डीओची मुदत संपल्याने अडकलेल्या एका आयातदाराच्या १४ कंटेनरसाठी सीएचए आणि शिपिंग लाइनकडे पाठपुरावा करून मुदत वाढवून घेतली, दोन दिवसांत सर्व कंटेनर बाहेर.' बघ, एवढंच. यात 'मेहनती' हा शब्द नाही, 'टीम प्लेअर' नाही, आणि तरी दोन्ही कळतं. एक्सेलचे तारे काढ आणि त्या जागी एक्सेलमध्ये तू खरोखर काय करायचास ते लिही. नोकरी पहिल्या पानावर वर येऊ दे. धर्म, वैवाहिक स्थिती, रक्तगट, खालचं प्रतिज्ञापत्र, सगळं काढून टाक. रंगीत चौकटींचा साचाही सोड. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि दोन रकान्यांतला मजकूर त्याला बऱ्याचदा नीट उचलता येत नाही. दीड पान, फार तर दोन.

आता दुसरी गोष्ट, आणि मला हीच जास्त महत्त्वाची वाटते. इंटरव्ह्यूबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण सीव्हीवर तुझी नोकरी अजून 'चालू' दिसते. सध्या काय करता, असं विचारल्यावर तू तिथेही कामावर असल्याचं सांगितलंस का? तसं असेल तर पुढचा फोन का आला नाही ते मी सांगू शकते. पीएफच्या नोंदीत जूननंतर पैसे जमा झालेले नाहीत. नवी कंपनी यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) मागते, सर्व्हिस हिस्टरी मागते, रिलिव्हिंग लेटर मागते. नोकरी गेल्याचं कारण कोणालाही चाललं असतं. खोटं मात्र कोणालाच चालत नाही. तिथे सरळ लिही: अमुक महिन्यापासून जून अखेरपर्यंत. विचारलं तर सांग, 'व्हॉल्युम कमी झालं, आमच्यातल्या काही जणांना कमी केलं.' बंदराच्या धंद्यातल्या माणसाला यात नवल वाटत नाही. जुन्या कंपनीने पीएफमध्ये सोडल्याची तारीख भरली नसेल, तर शेवटचा हप्ता भरून दोन महिने उलटल्यावर ती तुला स्वतःला ईपीएफओच्या पोर्टलवर भरता येते. तेवढं करून घे.

पण इंटरव्ह्यूत ते वाक्य तुझ्या तोंडून सहज निघणार नाही, कारण रोज सकाळी दारात तू त्याच्या उलट वाक्य बोलतोस. म्हणून आधी घरी बोल. तुझे बाबा माथाडी आहेत रे. ज्या दिवशी गाड्या येत नाहीत त्या दिवशी टोळी बसून असते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. १९६९ चा माथाडी कायदा आला तो कामाची आणि मजुरीची शाश्वती नव्हती म्हणूनच. काम नसणं म्हणजे काय, हे त्या घरात तुला समजावून सांगावं लागणार नाही. त्यांना दुःख होईल, कदाचित ते रागावतीलही, सात महिने लपवलं याबद्दल जास्त. ते ऐकून घे. आईच्या हातात बारा हजार ठेवण्यासाठी तू शिल्लक मोडतोयस, हे तिला कळलं तर ती ते पैसे घेईल का, विचार कर.

अजून काय शिकू, हा तुझा प्रश्न. नवं काहीच नको, निदान सध्या. जे येतं तेच खोल कर. एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल न अडखळता करता आलं पाहिजे. कस्टम्स टॅरिफ उघडून रोज दहा वस्तूंचे आठ आकडी कोड शोधायची सवय लाव. सीएफएसमध्ये तू कोड फक्त पाहिलेस, सीएचएकडे ते तुला ठरवावे लागतील. आणि ज्याला तू तीन तारे दिलेस ते इंग्रजी: 'डीओची मुदत आज संपते, कृपया वाढवून द्या' एवढा मेल चार ओळींत लिहायचा सराव कर. कस्टम्स ब्रोकरकडे, म्हणजे सीएचएकडेच, लागलास तर तिथे एच कार्डवर (कस्टम्सच्या सुरुवातीच्या ओळखपत्रावर) सुरुवात करून पुढे जी कार्डची परीक्षा देता येते. या धंद्यात त्या कार्डाला जे वजन आहे ते नऊ सर्टिफिकेटांना मिळून नाही.

आणि पोर्टलवर दोनशे अर्ज टाकण्याऐवजी फोनमधली यादी उघड. चार वर्षांत किती सीएचएंचे क्लार्क, ट्रान्सपोर्टवाले, सर्व्हेअर, लाइनच्या काउंटरवरची माणसं तुला नावाने ओळखायला लागली असतील! रोज तिघांना फोन कर. 'नोकरी द्या' म्हणू नकोस. 'मी मोकळा आहे, कुणाला डॉक्युमेंटेशनचा माणूस हवा असेल तर माझं नाव सांगा' असं म्हण. त्या १४ कंटेनरांच्या सीएचएला पहिला फोन कर. त्याला तू नक्की आठवतोस. महापे-तुर्भ्याकडच्या कारखान्यांचे आयात-निर्यात विभाग आहेत, माल पाठवायची व्यवस्था लावणारे फॉरवर्डर आहेत, आणि २५ डिसेंबर २०२५ ला विमानतळ सुरू झाल्यापासून एअर कार्गोकडेही लक्ष ठेवायला हवं. तिथली कागदपत्रं थोडी वेगळी, पण तुला समजायला वेळ लागणार नाही.

त्या साडेसहा हजारांबद्दल. नोकरी देणारा कधी पैसे मागत नाही, ना डिपॉझिट, ना युनिफॉर्म, ना गेटपासची फी. आजच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदव. यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि चॅट जवळ ठेव, काही पुसू नकोस. उशीर झाल्यामुळे पैसे परत येतील असं वचन मी देत नाही, पण त्याचा नंबर नोंदला जाईल. फसलो म्हणून लाजू नकोस. गरजेतला माणूसच त्यांचं गिऱ्हाईक असतो.

रविवारी मार्केट बंद असतं, बाबा घरी असतील. चहा झाल्यावर बोल, आईलाही बसव. सोमवारी ती डबा देईलच, तो घेऊन वाशीला न जाता न्हावा-शेवाची वाट धर आणि त्या सीएचएच्या ऑफिसात जाऊन ये. नवा सीव्ही झाला की मला पाठव, मी ओळ न् ओळ वाचेन.

तुझी,
ताई