22/7 आलं कुठून?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. परिघाचं सूत्र तिला पाठ आहे. ‘22/7 आलं कुठून?’ असं तिनं वर्गात विचारलं, तर ‘ते तसंच असतं, उदाहरणं सोडव’ असं उत्तर मिळालं. प्रयोग करत बसलं तर पोर्शन पुरा होत नाही म्हणे. मी बारावीपर्यंतच शिकले आहे. घरी काही करता येईल का?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, लेकीनं हा प्रश्न विचारला याचाच मला फार आनंद झाला. बारावीचं राहू द्या. घरात बांगड्या आहेत ना? तेवढ्या पुरे.

कासाराकडे आपण ‘दोन-चार’ची बांगडी मागतो. ते 2.4 म्हणजे दशांश अपूर्णांक नव्हे. दोन इंच, आणि वर एका इंचाच्या सोळा भागांतले चार. म्हणजे सव्वादोन इंच, बांगडीचा आतला व्यास. हे तिला आधी सांगू नका. पट्टी हातात द्या, तिचं तिला सापडू दे.

मग धातूची जाड बांगडी घ्या. बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत व्यास मोजा. कडेवर शाईची खूण करा आणि फरशीवर आखलेल्या रेघेवरून बांगडी न घसरवता चालवा. एकच फेरा नको, दहा घ्या. मोजण्यातली चूक दहांत वाटली जाते. व्यास 6.4 सेंमी असेल, तर दहा फेऱ्यांना साधारण 2 मीटर रेघ लागेल. अंतराला दहानं भागा, मग व्यासानं. पुढे डब्याचं झाकण, ताट. वस्तू लहान असो की मोठी, दर वेळी तीन आणि वर थोडंसं, म्हणजे 22/7 च्या जवळपास! हे स्वतः पाहिलेलं मूल 22/7 विसरत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी 31 वर्षं शिकवलं. ताटाला दोरा गुंडाळून हाच प्रयोग करताना एका मुलाचं उत्तर 2.8 आलं. मी म्हटलं, ‘चुकलं, परत मोज.’ परत 2.8. जवळ जाऊन पाहिलं, तर पोरानं दोऱ्याऐवजी लोकर आणली होती. ताटाभोवती ती ताणली जायची, पट्टीवर ठेवली की आखडायची. ‘चुकलं’ म्हणण्याआधी ‘कसं मोजलंस?’ विचारायला हवं होतं, ही रुखरुख आजही आहे. शिंप्याची टेप ताणली जाणारी का नसते, हे मात्र त्या दिवशी सगळ्या वर्गाला कळलं.

उत्तर नेमकं 3.14 आलं नाही तरी हिरमुसू देऊ नका. आर्यभटानं 20000 व्यासाला 62832 परिघ सांगितला, आणि तोही ‘आसन्न’, म्हणजे जवळपासचा, असंच म्हटलं. 22/7 सुद्धा जवळपासचंच आहे.

राहिलं पोर्शनचं. या प्रयोगाला एक तास पुरतो. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली 16 शाळांपासून सुरू झालेल्या कार्यक्रमात सहावी ते आठवीची मुलं 2002 पर्यंत प्रयोगांतूनच विज्ञान शिकली, आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसली. पाठांतराचीच परीक्षा घ्यायची असेल, तर पोर्शन पळवावाच लागतो.

लेकीला मापांचा तक्ता वहीत मांडायला सांगा आणि वही शिक्षकांना दाखवू द्या, तक्रार म्हणून नव्हे, कौतुकानं. ताटाला दोरा गुंडाळणार असाल, तर सुती घ्या.