जर्मनीतल्या पोस्टडॉकचं विचारलंत म्हणून

भाऊ, कातडीचा रंग बनवणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमवर दोन वर्षांच्या पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, जागा मिळतेय, सोबत बायको आणि दुसरीतली पोरगी, घर दारव्ह्याकडं. जर्मनीला यावं का, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा, विमा, बँकेतली रक्कम हे सगळं वकिलातीच्या साइटवर आहे. मी लिहितोय ते तुमचा प्रश्न वाचून रात्रभर डोळा लागला नाही म्हणून. मी हिंगणघाटकडचा. याच एन्झाइमवर बारा वर्षं काढली.

कागदांचं ऐका. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि आईचं नाव शेवटी. इथल्या कचेरीतल्या बाईंनी शेवटचं ते आडनाव धरलं आणि मी दीड वर्ष 'श्री. शकुंतला' होतो. इथं पोस्टमन पेटीवरचं नाव बघूनच पत्र टाकतो, त्यामुळं बँकेची पत्रं आल्या पावली परत. जन्मनोंदीत तर नावाच्या जागी नुसतं 'मुलगा'. ऐन कापूस वेचणीत बाबांनी त्यापायी चार चकरा मारल्या.

आता काम. वांग्याच्या फोडी काळ्या पडतात त्या टायरोसिनेजच्याच भाऊबंदांमुळं. माय त्या मिठाच्या पाण्यात टाकायची, म्हणजे इन्हिबिटर, एन्झाइमला थांबवणारा पदार्थ, आमच्या चुलीपाशीच होता. लॅबमध्ये बहुतेक ठिकाणी बटण मशरूममधलं एन्झाइम वापरतात आणि 475 नॅनोमीटरवर रंग किती चढतो ते मोजतात. पण मशरूमच्या एन्झाइमला गप्प करणारं रसायन माणसाच्या एन्झाइमपुढं पुष्कळदा फिकं पडतं. डाग फिके करायच्या क्रीममधल्या कोजिक ॲसिडचंच बघा. तेव्हा मुलाखतीत तोंड उघडून विचारा, तुमच्याकडं माणसाचं एन्झाइम आहे का? मी विचारलं नव्हतं. दोन वर्षं मशरूममध्ये गेली.

नेमक्या जागी औषध पोचवण्याची कल्पना मला अजून आवडते. मेलॅनोमाच्या, म्हणजे कातडीच्या एका कॅन्सरच्या, पेशीत टायरोसिनेज भरपूर, म्हणून औषध निरुपद्रवी रूपात पाठवायचं आणि तिथल्याच एन्झाइमकडून त्याचं विष करून घ्यायचं. लिपोसोममध्ये, म्हणजे चरबीच्या बारीक बुडबुड्यात, भरलं की प्रेझेंटेशनमध्ये फार देखणं दिसतं. शरीरात त्यातलं बरंचसं यकृत आणि प्लीहा गिळून बसतात.

तुमची पोरगी दुसरीत म्हणजे दोनच वर्षं हाताशी. इथं बहुतेक राज्यांत चौथीनंतर लेकरं वेगवेगळ्या शाळांत वाटली जातात आणि बाई शिफारस लिहून देतात. माझी पोरगी गणितात वर्गाच्या पुढं, पण जर्मन बोलताना अडखळायची, वर्गात गप्प बसायची. बाईंनी मधल्या दर्जाची शाळा लिहिली. मी मान डोलावून सही केली. आमच्या राज्यात आईबापांना ती शिफारस डावलता येत होती, हे मला वर्षभरानं कळलं. बायको अजून तो कागद फाइलमध्ये ठेवून आहे, काऊन ठेवला ते मी विचारत नाही.

एकटेपणाचं विचारलंत. थंडीसारखा असतो, येतो आणि जातो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी फोन बंद ठेवा, झालं.

आणि एक. लोकांना मी सांगत आलो की हा विषय ताईसाठी घेतला. ताईच्या हातांवर कोड आहे, तीन स्थळं परत गेली. पण कोडात रंग बनवणाऱ्या पेशी आपलीच प्रतिकारशक्ती मारून टाकते. तिथं एन्झाइम थांबवून काय होणार? हे मला एमएस्सीतच ठाऊक होतं. पैसा रंग थांबवण्यात होता, मी तिकडं गेलो. पीएचडीनंतर इथल्या विद्यापीठात साधारण सहा वर्षं हंगामी करारावर ठेवतात, मग कायम करतात नाहीतर बाहेर. मी बाहेर. आता एका क्रीमवाल्या कंपनीत काळे डाग फिके करतो.

2022 मध्ये अमेरिकेत कोडासाठी रुक्सोलिटिनिबच्या मलमाला मंजुरी मिळाली. ते प्रतिकारशक्तीच्या वाटेनं आलं, आमच्या वाटेनं नाही. ताईनं कुठंतरी वाचलं आणि फोन केला, "तुयंच होय का रे ते?" मी म्हणालो, आमच्याच लाइनीतलं आहे. मग तिनं किंमत विचारली. आवाज तुटतोय म्हणून मी फोन ठेवला.

तुम्ही या रविवारी गावी जाणारच असाल तर पोरीच्या जन्मदाखल्यावर नाव चढलंय का ते बघून या.